माइकपुढचं ल्यूट: स्टिंग आणि डाऊलंड, एक प्रकरण

लंडनमधल्या सेंट ल्यूक्समध्ये आता कोणी प्रार्थनेला जात नाही. हे चर्च १७३३ साली बांधून झालं. विसाव्या शतकात पाया खचला म्हणून छप्पर उतरवलं आणि मग चाळीसेक वर्षं नुसत्या भिंती उन्हापावसात उभ्या राहिल्या. २००३ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने तिथे तालमींची आणि छोट्या मैफलींची जागा केली. २००६ साली या जागेत दोन माणसं मांडीवर ल्यूट, म्हणजे बोटांनी तारा छेडायचं एक जुनं युरोपीय वाद्य, घेऊन बसली. एक बोस्नियाचा एडिन करमाझोव्ह, मुरलेला ल्यूटवादक. दुसरा स्टिंग, 'द पोलीस' बँडचा गायक, स्टेडियम भरवणारा माणूस. गाणी बहुतेक इंग्लिश ल्यूटवादक-संगीतकार जॉन डाऊलंडची, म्हणजे चारशे वर्षांपूर्वीची. पण त्यांच्या सोबत स्टिंगची स्वतःची 'मेसेज इन अ बॉटल' होतं, 'फील्ड्स ऑफ गोल्ड' होतं, आणि मिसिसिपीच्या रॉबर्ट जॉन्सनचं एक ब्लूजही, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या दुःखाचं गाणं, होतं. सगळं ल्यूटवर.

फ्यूजन म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात: एक तर टाळ्या, नाही तर कपाळाला आठी. या प्रकरणाचंही तेच झालं. डॉइच ग्रामोफोन या जर्मन कंपनीने 'साँग्ज फ्रॉम द लॅबिरिंथ' नावाने डाऊलंडचा अल्बम काढला आणि तो अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या शास्त्रीय यादीत पहिला आला. जुन्या संगीताच्या जाणकारांत मात्र दोन तट पडले. गळ्यावर संस्कार नाहीत, असं एकांचं म्हणणं. निदान माणूस गातोय असं तरी वाटतं, असं दुसऱ्यांचं. मला हा वाद थोडा बाजूला सारून वेगळंच काही तपासायचं आहे. दोन काळांचं संगीत एकत्र आणताना इथे नेमकं काय जुळलं आणि काय जुळलं नाही? माझ्या मते जे जुळलं त्याचा शैलीशी फारसा संबंध नाही. ते जुळलं आवाजाच्या पातळीमुळे, आणि त्या पातळीचं श्रेय माइकला आहे.

हळू बोलणारं वाद्य

ल्यूट हे अरबी ऊदचं युरोपातलं रूप. नावसुद्धा 'अल-ऊद'वरूनच आलेलं. पाठ अर्ध्या नासपतीसारखी, लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, कलिंगडाच्या फाका कडेला कड लावून जोडाव्यात तशी केलेली. तबली जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीची. गिटारला मध्ये असतं तसं उघडं भोक इथे नसतं, तबलीचंच लाकूड कोरून नाजूक जाळी काढलेली असते. तारा धातूच्या नाहीत, तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या, आणि सगळ्यात वरची सोडली तर बहुतेक जोडीजोडीने लावलेल्या. पडदेही तातीचेच, मानेभोवती गाठ मारून बांधलेले. सतारीचे पडदे सरकवता येतात, तसे हेही येतात.

जोडतारा, त्यात तात, त्यात हवेतला ओलावा. १७१३ साली योहान मॅटहेसन या जर्मन संगीतकाराने लिहून ठेवलंय की ऐंशी वर्षं जगलेल्या ल्यूटवादकाची साठ वर्षं नक्कीच वाद्य लावण्यात गेली असणार. तानपुरा जुळवताना ताटकळलेल्या श्रोत्यांना ही थट्टा वेगळी समजावून सांगायला नको.

लाकूड पातळ, ताण कमी, आणि छेडायचं ते बोटाच्या मऊ टोकाने. म्हणून ल्यूटचा आवाज लहान. स्वर उठतो आणि लगेच विरायला लागतो. खोलीत दहा-पंधरा माणसं असतील तर त्यातले बारकावे कळतात. पन्नास झाली की निम्मं हरवतं. सभागृहं मोठी झाली, वाद्यवृंद मोठे झाले, कळफलकाची वाद्यं घरोघरी गेली, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ल्यूट जवळपास बंदच पडलं. ते वाईट वाजत होतं म्हणून नव्हे. मागे बसलेल्याला ऐकू येत नव्हतं म्हणून.

करमाझोव्ह जे आर्चल्यूट वाजवतो ते याच कुळातलं, पण बरोक, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातलं. त्याला मूळ मानेच्या पुढे आणखी एक लांब मान असते आणि तिच्यावर खर्जाच्या तारा. त्यांवर बोट ठेवायचंच नाही, मोकळ्या छेडायच्या. साथीला खालून भक्कम आधार हवा या गरजेतून, १६०० च्या आसपास इटलीत ही लांब मानेची वाद्यं आली. डाऊलंड त्याआधीच्या रेनेसान्सचा की बरोकचा, हा वाद त्यामुळे मला फार महत्त्वाचा वाटत नाही. तो उंबरठ्यावर उभा होता: एक पाय चार आवाजांच्या जुन्या गुंफणीत, दुसरा एकट्या गळ्याच्या नव्या गाण्यात.

टेबलाभोवतीचं पुस्तक

जॉन डाऊलंड १५६३ चा. १५९७ साली त्याने गाण्यांचं पहिलं पुस्तक छापलं, आणि ते इतकं खपलं की पुढच्या सोळा वर्षांत त्याच्या किमान चार आवृत्त्या निघाल्या. मला या पुस्तकाची छपाईच फार आवडते. डाव्या पानावर मुख्य गळ्याची ओळ आणि तिच्याखाली ल्यूटची लिपी. उजव्या पानावर उरलेले तीन आवाज, पण प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. पुस्तक टेबलावर मधोमध उघडं ठेवायचं आणि चौघांनी चार बाजूंना बसायचं, म्हणजे प्रत्येकाला आपली ओळ सुलटी दिसते. चौघे जमले नाहीत तर एकट्याने गायचं आणि ल्यूट छेडायचं. गाणं तेच, माणसं असतील तितकी. हा दरबारी तोरा नव्हे, घरगुती वापराचा माल आहे.

त्या ल्यूटच्या लिपीत स्वरांची नावं नसतात. सहा रेघा म्हणजे सहा तारा. रेघेवर 'ए' म्हणजे तार मोकळी, 'बी' म्हणजे पहिला पडदा, 'सी' म्हणजे दुसरा. आज गिटार शिकणारी मुलं इंटरनेटवरून जे 'टॅब' उतरवून घेतात ते हेच, फक्त अक्षरांच्या जागी आकडे आले. 'बोट कुठे ठेवू तेवढं सांगा, बाकी मी बघतो' हा लोकप्रिय संगीताचा बाणा चारशे वर्षांपूर्वी असा छापून विकला जात होता.

आणि मिसळ? तीही जुनीच. त्याच पुस्तकातलं 'कॅन शी एक्सक्यूज माय राँग्ज' हे गाणं बघा. चाल गॅलियार्डची, म्हणजे उड्या मारत करायच्या तीन मात्रांच्या नाचाची. पुढे हाच नाच डाऊलंडने राणीच्या मर्जीतून उतरलेला सरदार अर्ल ऑफ एसेक्स याच्या नावाने छापला, तोवर एसेक्सचं मुंडकं उडवून तीन वर्षं झाली होती. या गाण्याच्या तिसऱ्या भागात गळा जवळजवळ एकाच स्वरावर अडून बसतो, हट्टी मुलासारखा, आणि आतल्या आवाजात हळूच एक रस्त्यावरची चाल येते: 'द वुड्स सो वाइल्ड'. लंडनमध्ये ती ज्याच्या त्याच्या तोंडी होती. विल्यम बर्डसारख्या मोठ्या संगीतकारानेही तिच्यावर रचना केली होती. तेव्हा ऐकणाऱ्याला ती ओळखू येत असणार आणि तो गालातल्या गालात हसत असणार. दरबाराच्या गाण्यात बाजाराची चाल लपवायची आणि ओळखणाऱ्याने ओळखायची, हे काम डाऊलंड स्वतःच करून बसला होता. म्हणून त्याच्या शेजारी पॉप गाणं ठेवलं की काही विटाळ होतो, हे मला पटत नाही.

त्याचं आयुष्य मात्र चालीइतकं हलकं नव्हतं. १५९४ मध्ये राणी एलिझाबेथच्या दरबारी ल्यूटवादक जॉन जॉन्सन वारला आणि जागा रिकामी झाली. डाऊलंडने अर्ज केला, जागा मिळाली नाही. आपण कॅथलिक आहोत म्हणून डावललं, अशी त्याची समजूत. तो देश सोडून निघाला. जर्मन सरदारांकडे मान मिळाला, मग तो इटलीत उतरला. फ्लॉरेन्समध्ये त्याला इंग्लंडमधून परागंदा झालेले कॅथलिक भेटले आणि त्यांच्या बोलण्यात राणीविरुद्धच्या कटाचा वास आला. माणूस घाबरला. १० नोव्हेंबर १५९५ रोजी न्यूरेंबर्गहून त्याने राणीचा मंत्री सर रॉबर्ट सेसिल याला लांबलचक पत्र लिहिलं: मी कोणाला भेटलो, काय ऐकलं, मी निष्ठावंत आहे, माझं बायकापोरांत मन आहे. नोकरी मिळाली ती शेवटी डेन्मार्कमध्ये. १५९८ पासून राजा चौथा ख्रिश्चन त्याला वर्षाला ५०० डालर (तिथलं चांदीचं नाणं) देत होता, आणि त्या दरबारात इतका पगार फार थोड्यांना होता. १६०६ मध्ये ती नोकरीही गेली.

ल्यूट घरी कसं आलं

स्टिंगचं खरं नाव गॉर्डन समनर. जन्म १९५१ चा, उत्तर इंग्लंडमधल्या वॉल्सेंड या जहाजबांधणीच्या गावचा. गायक होण्याआधी शाळेत शिकवायचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका कार्यक्रमानंतर कोणीतरी त्याच्यापाशी डाऊलंडचं नाव काढलं. त्याने गायक पीटर पिअर्स आणि ल्यूटवादक ज्युलियन ब्रीम यांचं रेकॉर्डिंग मिळवून ऐकलं आणि ते तिथेच राहिलं. वीसेक वर्षांनी त्याचा जुना गिटारवादक डॉमिनिक मिलर याने त्याला एक ल्यूट करवून भेट दिलं. स्टिंगला भूलभुलैयांचं वेड, बागेत त्याने फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथीड्रलसारखा एक आखून घेतला होता. ल्यूटच्या जाळीतही तोच भूलभुलैया कोरला होता. अल्बमचं नाव तिथून आलं. मग करमाझोव्ह भेटला आणि पन्नाशी उलटलेला माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या स्कोला कँटोरम या जुन्या संगीताच्या विद्यालयातल्या शिक्षकाकडून त्याने गळ्याचंही मार्गदर्शन घेतलं.

इथे एक निर्णय महत्त्वाचा. वाद्यात तडजोड केली नाही. ड्रम नाहीत, बेस नाही, पाठीमागे व्हायोलिनांची चादर नाही. 'डाऊलंड, पण आजच्या चवीचा' असं काहीतरी करायचा मोह किती झाला असेल, याची कल्पना आपल्या रिमिक्सच्या काळातल्या माणसाला सहज येईल. ल्यूट ल्यूटसारखं राहू दिलं. बदल फक्त गळ्यात केला.

गळ्याचा प्रश्न

ज्याला आज 'शास्त्रीय गळा' म्हणतात तो मोठ्या ऑपेराघरात, वाद्यवृंदाच्या डोक्यावरून, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी घडलेला आहे. ते कसब मोठं. पण डाऊलंडला शेवटची रांग नव्हतीच. गाणारा आणि ऐकणारा एका टेबलाशी. तेव्हा भरदार टेनर (पुरुषांच्या चढ्या) आवाजात हे गाणं म्हटलं की ल्यूटला धापा टाकत मागे पळावं लागतं. अल्फ्रेड डेलर किंवा एमा कर्कबी यांच्यासारख्या गायकांनी विसाव्या शतकात आवाज हलका, सरळ, कंप कमी ठेवून यातून वाट काढली. ती वाट उत्तमच आहे, आणि माझ्या कानाला आजही तीच सगळ्यात जवळची.

स्टिंग दुसऱ्याच दाराने आला. १९२५ च्या सुमारास विजेच्या माइकवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि कुजबुजीलाही गाण्यात जागा मिळाली. आपल्याकडे याची गोष्ट आपण आजी-आजोबांकडून ऐकलेली आहे. नाट्यपदं गाणाऱ्यांना पिटातल्या माणसापर्यंत आवाज न्यावा लागे, म्हणून गळा खुला आणि चढा. मग ग्रामोफोन आणि रेडिओ आला, आणि जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांच्या भावगीताला घरगुती, समोर बसून बोलल्यासारखा गळा चालू लागला. नाट्यगीताच्या अनेक शौकिनांना तेव्हा ते गाणंच वाटलं नसेल. स्टिंगचा गळा त्या अर्थाने भावगीताचा गळा आहे. ओठांपाशी माइक आहे हे धरूनच तो घडला. थोडा खरखरीत, श्वास ऐकू येणारा, व्यंजनं ठळक.

आणि हा गळा ल्यूटच्या मापाचा निघतो. करमाझोव्हचं बोट तारेवरून सरकलेलं ऐकू येतं, स्वर विरताना ऐकू येतो, आणि त्या विरण्याला गळा झाकून टाकत नाही. माइकने ल्यूटला मोठं केलं असं आपण सहज म्हणतो. पण माइकने ऐकणाऱ्याला टेबलाशी आणून बसवलं, हे जास्त खरं आहे.

'कम अगेन' ऐका म्हणजे हे पटेल. त्यात एका ठिकाणी पाहणं, ऐकणं, स्पर्श करणं, चुंबन घेणं आणि मरणं अशी क्रियापदं एकामागून एक येतात आणि प्रत्येकाबरोबर चाल एकेक पायरी वर चढते. (मरणं हा त्या काळी शय्येवरचाही शब्द होता, गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक.) संस्कारित गायक ही चढण एका अखंड दमात, उजळत नेतो. स्टिंग प्रत्येक शब्दापाशी जरासा थबकतो. चढण तुटते, पण माणूस लाचार झालाय हे कळतं. मला दोन्ही चालतं, पण दुसरं मी विसरत नाही.

'फ्लो माय टिअर्स'मध्ये मात्र गाडी अडते. हे डाऊलंडचं सर्वात गाजलेलं गाणं. आधी ते ल्यूटवरचं पाव्हान होतं, संथ पावलांचा नाच. १६०० मध्ये शब्द आले, १६०४ मध्ये त्यावरून पाच व्हायोल (गजाने वाजवायचं जुनं वाद्य) आणि ल्यूटसाठी सात पाव्हानं झाली, आणि डाऊलंड स्वतःची ओळखच त्या गाण्यावरून देऊ लागला. सुरुवातीचे चार स्वर पायरी-पायरीने खाली उतरतात, गालावरून थेंब उतरावा तसे. हीच चार स्वरांची उतरण पुढे बरोकभर विलापाचा खर्ज म्हणून वापरली गेली आणि असंख्य पॉप गाण्यांच्या तळाशी ती आजही सापडते. इतकं जवळचं असूनही हे गाणं स्टिंगला पेलत नाही, कारण इथे शब्दांइतकाच लांब दम लागतो. ल्यूटचा स्वर टिकत नाही, म्हणून टिकण्याचं काम गळ्यालाच करावं लागतं. ओळ मध्ये तुटली की खाली आधाराला काही उरत नाही. माइक जवळीक देतो, दम देत नाही.

आणखी एक खटकणारी गोष्ट. काही गाण्यांत चारही आवाज स्टिंगनेच एकावर एक मुद्रित केले आहेत. कल्पना पुस्तकाला धरून आहे, चार आवाज त्यात छापलेलेच आहेत. पण टेबलाभोवती चार माणसं हवीत, चार वेगवेगळ्या घशांची, एकमेकांकडे बघणारी. इथे एकच माणूस चारही खुर्च्यांवर बसलाय. ऐकायला गुळगुळीत, आणि त्यामुळेच निर्जीव.

गाण्यांच्या मध्ये तो डाऊलंडचं सेसिलला लिहिलेलं पत्र तुकड्यातुकड्याने वाचतो. पहिल्यांदा ऐकताना मला हा प्रकार नाटकी वाटला होता. आता वाटतं की अल्बमचा कणा तोच आहे. का, ते सेंट ल्यूक्सच्या कार्यक्रमात कळतं.

उलट दिशेने

डाऊलंडला पॉप गळा देणं हा अर्धाच भाग. दुसरा अर्धा म्हणजे पॉप गाण्याला ल्यूट देणं. या कार्यक्रमाची चित्रफीत आणि ध्वनिमुद्रण २००७ मध्ये निघालं आणि तिथे सुरुवातीला सांगितलेली ती तिन्ही गाणी शेजारी-शेजारी ऐकता येतात.

'फील्ड्स ऑफ गोल्ड' (१९९३) सहज बसतं. इतकं सहज, की त्याबद्दल बोलण्यासारखं फारसं नाही. संथ, गोड, कडव्यांचं गाणं. ल्यूटवर ते आणखी गोड होतं, झालं.

'मेसेज इन अ बॉटल' (१९७९) जास्त मोलाचं. मूळ गाण्याची ओळख म्हणजे अँडी समर्सची गिटार. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर, एकदम न झोडता तो स्वर एकेक करून, लांब अंतरांवर, खालून वर छेडत जातो, आणि त्यात नववा स्वर असल्याने कॉर्ड पूर्ण भरतही नाही, रितीही राहत नाही. कॉर्ड अशी मोडून पसरवणं हा ल्यूटचा पिढीजात धंदा. सतराव्या शतकातल्या फ्रेंच ल्यूटवादकांची सगळी शैलीच त्यावर उभी आहे, कारण विरणाऱ्या तारांतून भरल्याचा भास करायचा तर स्वर एकामागून एक पेरत राहणं हाच उपाय. म्हणून ही धून आर्चल्यूटवर परकी वाटत नाही.

पण खरा फरक ड्रम गेल्याने पडतो. पोलीसच्या मूळ गाण्यात स्टुअर्ट कोपलंडचे ड्रम इतके धावतात की शब्दांकडे लक्ष जाईपर्यंत गाणं संपतं. ते काढल्यावर उरतो एकटा पडलेला माणूस, जो चिठ्ठी लिहून समुद्रात सोडतो आणि उत्तराची वाट बघतो. आणि याच बैठकीत काही वेळापूर्वी तुम्ही न्यूरेंबर्गहून लिहिलेलं पत्र ऐकलेलं असतं. परदेशात अडकलेला, घाबरलेला, कोणीतरी वाचेल या आशेवर कागदामागून कागद लिहिणारा डाऊलंड. दोन गाणी जोडायला इथे चालीची गरजच पडत नाही. हा मेळ कोणी मुद्दाम योजला असो वा नसो, सगळ्या प्रकरणातली माझ्या मते हीच सर्वांत जमलेली जागा आहे.

याच वाटेवर इतरही चालले आहेत, दुसऱ्या टोकाकडून. क्रिस्टिना प्लुहार या थिऑर्बो (लांब मानेचं ल्यूट) वाजवणाऱ्या कलावतीच्या लार्पेज्जाता या चमूने २०१४ मध्ये सतराव्या शतकातला इंग्लिश संगीतकार हेन्री पर्सेल याच्या गाण्यांवर जॅझची क्लॅरिनेट आणि गिटार सोडली. तिथे जुळवणारा धागा आवाजाचा नाही, खर्जाचा आहे. पर्सेलच्या अनेक गाण्यांत तळाशी तीन-पाच बारांची (मात्रांच्या गटांची) एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, तबल्याच्या एकल वादनात लेहरा फिरत राहावा तशी, आणि वर कोणीही काहीही खेळू शकतो. 'ओ सॉलिट्यूड'मध्ये ती ओळ अठ्ठावीस वेळा येते. जॅझवाल्याला याहून काय हवं? ती मिसळ जास्त कुशल आहे, वादकही जास्त तयारीचे. पण तिथे मला कधीकधी सगळेच मजेत असल्याचं ऐकू येतं, आणि पर्सेल नेहमीच मजेत नव्हता. स्टिंगनेही पुढे, २००९ च्या हिवाळ्यावरच्या अल्बममध्ये, पर्सेलच्या 'किंग आर्थर' (१६९१) मधलं थंडीने कुडकुडणाऱ्या देवतेचं गाणं घेतलं. त्यातला गारठलेला, तुटक उच्चार त्याच्या खरखरीत गळ्याला चांगला मानवतो. लांब दमाचा प्रश्नच तिथे येत नाही.

दोन रॉबर्ट जॉन्सन

राहिलं ते ब्लूज. मिसिसिपीचा रॉबर्ट जॉन्सन १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी वारला. त्याची सगळी मिळून २९ गाणी मुद्रित आहेत, १९३६ आणि १९३७ मधली. त्यातलं 'हेलहाउंड ऑन माय ट्रेल' डॅलसला मुद्रित झालं. डाऊलंडच्या बैठकीत ते आलं ते नावाच्या योगायोगाने, कारण डाऊलंडच्या काळातही एक रॉबर्ट जॉन्सन होता, ल्यूटवादक, शेक्सपिअरच्या 'टेंपेस्ट'मधल्या गाण्यांना चाली देणारा. त्याचंही एक गाणं अल्बमवर आहे.

कोटी चांगली, गाणं मात्र ल्यूटवर अर्धवट राहतं. कारण साधं आहे आणि आपल्याला ते चटकन कळतं: ब्लूजचा जीव मींडेत आहे. मिसिसिपीच्या वादकांकडे पोलादाच्या तारा, त्यांवरून काच किंवा धातूची नळी सरकवायची, तार बोटाने ओढायची, दोन पडद्यांच्या मधला स्वर काढायचा. ल्यूटच्या जोडीच्या सैल ताती मींडेला फारशा तयार नसतात. पडदे जागेवरून हलवता येतात खरे, पण गाण्यापूर्वी, गाताना नाही. त्यामुळे मधले स्वर गळ्यालाच काढावे लागतात आणि वाद्य सभ्यपणे बाजूला उभं राहतं. भीती शब्दांत आहे, बोटांत नाही.

या योगायोगाला आणखी एक पदर आहे, तो कार्यक्रमापेक्षा जुना. १५९४ मध्ये ज्याच्या मृत्यूने रिकामी झालेली जागा डाऊलंडला मिळाली नाही, तो जॉन जॉन्सन म्हणजे या ल्यूटवादक रॉबर्टचा बाप. रॉबर्टला राजा जेम्सच्या दरबारात नेमणूक मिळाली १६०४ मध्ये. डाऊलंडला मिळाली १६१२ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, अर्ज फेटाळल्याला अठरा वर्षं झाल्यावर. त्याच वर्षी छापलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो कुरकुरतो की हल्लीचे तरुण ल्यूटवाले त्याची रीत जुनाट म्हणतात. दरबारात त्याच्या शेजारी बसून वाजवणाऱ्यांत जेमतेम तिशीला टेकलेला रॉबर्ट जॉन्सन होता.